शब्दांवाचून सांगितलेले घर

संगणकावरील खेळांची रचना शिकविणाऱ्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यास केव्हा ना केव्हा एक गृहपाठ दिला जातो. ऐकावयास तो अगदी सोपा असतो. एकच स्थळ निवडावयाचे. खेळणाऱ्याने एका बाजूने आत यावे, दहाबारा मिनिटे तेथे वावरावे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे. बाहेर पडल्यावर त्याला एवढेच विचारावयाचे, ‘येथे काय घडले?’ त्याचे उत्तर बरोबर आले पाहिजे. अट अशी की, पडद्यावर एकही अक्षर उमटता कामा नये, कोणी पात्र बोलता कामा नये आणि रचनाकाराने शेजारी उभे राहून काही समजावून सांगता कामा नये.

खेळातील अशा एकेका स्थळास ‘लेव्हल’ म्हणतात. पातळी किंवा टप्पा असे भाषांतर करता येईल. पण त्यातून अर्थाची निम्मी बाजू निसटते. लेव्हल ही केवळ अवघडपणाची पायरी नव्हे. ती एखाद्या वास्तूसारखी बांधीव जागा असते. तिला दारे, वळणे, उजेड आणि अंधार असतो. नाटकाच्या नेपथ्याशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र नाटकात प्रेक्षक खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याची नजर कोठे जावी हे दिग्दर्शक ठरवितो. येथे प्रेक्षकच रंगमंचावर चढलेला असतो व वाटेल तिकडे तोंड फिरविण्याची त्याला मुभा असते. ज्या कोपऱ्यात कथेचा मर्म ठेवला, तिकडे पाठ करून तो खुशाल निघून जाऊ शकतो. या गृहपाठातील खरी अडचण तीच होय.

नळ, खड्डे आणि एक अळंबी

या विषयाचा पहिला धडा म्हणून जगभर ज्या लेव्हलचे उदाहरण दिले जाते, ती निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८५ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातील पहिली लेव्हल होय. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे तिचे रचनाकार. चौकटीच्या कागदावर हाताने आखून ती तयार झाली. खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या कडेस उभा असतो, त्याचे तोंड उजवीकडे असते व उजवीकडची जागा मोकळी असते. कोठे जावयाचे हे कोणी सांगत नाही. मोकळी जागाच ते सांगते. थोड्या अंतरावर प्रश्नचिन्हाची लुकलुकणारी पेटी दिसते आणि समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर प्राण जातो, पण तोपर्यंत खेळ सुरू होऊन काही क्षणच झालेले असल्याने नुकसान काहीच नसते. पेटीला डोके लागले की अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे सरकते, खाली उतरते, समोरच्या नळाला आपटते आणि उलट फिरून मारिओकडे येते. वर विटांची ओळ असल्यामुळे तिला चुकविणे कठीण जाते. अशा रीतीने ती लाभदायक आहे हे खेळणारा न सांगता शिकतो.

पुढे वाढत्या उंचीचे नळ येतात. लेव्हलच्या उत्तरार्धात दोन जिन्यांची जोडी लागते. मधल्या जागेत जमीन असते, म्हणून उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच तशीच दुसरी जोडी येते, पण आता मध्ये तळ नसलेला खड्डा असतो. आधी निर्धास्तपणे सराव, मग तीच कृती जिवावर बेतणारी, हा क्रम एखाद्या कसलेल्या शिक्षकाला शोभेल असा आहे. आरंभीच्या लेव्हल आपण पुढच्या लेव्हल तयार झाल्यावर, मागाहून रचतो, असे मियामोतो यांनी मुलाखतीत सांगितले आहे. पुस्तकाची प्रस्तावना जशी शेवटी लिहावी, तसेच हे.

या लेव्हलमध्ये कथा जवळजवळ नाही. स्थळाने कथा सांगण्याचा विचार पुढे वाढला. २००० साली डॉन कार्सन या रचनाकाराने डिस्नेच्या मनोरंजन उद्यानांतील आपल्या अनुभवावरून खेळ रचणाऱ्यांसाठी एक लेख लिहिला व परिसरातूनच कथा सांगण्याची कल्पना तेथे मांडली. २०१३ च्या ‘गॉन होम’ या खेळात परदेशातून परतलेल्या मुलीला घर रिकामे आढळते. खोल्या, कपाटे व चिठ्ठ्या पाहत तिला कुटुंबाचे काय झाले हे जुळवावे लागते. तेथे चिठ्ठ्यांचा व आवाजाचा आधार घेतला आहे. २०१२ च्या ‘जर्नी’ या खेळात तोही नाही. वाळवंटातील प्रवाशाला आरंभीच दूरवर एक प्रकाशमान पर्वतशिखर दिसते आणि शेवटपर्यंत तेच त्याचा वाटाड्या होऊन राहते.

गडाची वाट, लेण्यांची भिंत

वास्तविक हे शास्त्र महाराष्ट्रास अगदीच अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडविलेला आहे की, चढून येणाऱ्याला शेवटचे वळण घेईपर्यंत तो दिसत नाही. गोमुखी बांधणीचे हे तंत्र शत्रूला गोंधळविण्यासाठी होते. लेव्हल रचणारा तेच तंत्र उत्कंठेसाठी वापरतो. काय दाखवावे यापेक्षा काय केव्हापर्यंत झाकावे, हा प्रश्न दोघांपुढेही असतो.

अजिंठ्याच्या भिंतींवरील कथाचित्रांतून तर याहून मोलाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती चित्रे पुस्तकातील ओळींप्रमाणे पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत क्रमाने जात नाहीत. अनेक ठिकाणी राजवाड्यात घडलेले प्रसंग, मग ते कथेच्या आरंभीचे असोत वा अखेरचे, भिंतीवर राजवाड्याच्याच भागात एकत्र आलेले दिसतात. अरण्यातले प्रसंग अरण्यात. काळापेक्षा स्थळाला मान दिलेला आहे. खेळातील लेव्हलही अशीच वाचावयाची असते, कारण खेळणारा कोणत्या खोलीत आधी शिरेल याचा भरवसा नसतो.

सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेची पद्धत वेगळी. तेथे चित्र एकेक करून समोर येते आणि कथेकरी गाऊन सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळात हीच रीत नव्या रूपात आढळते. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाला शोधणारी मुलगी राजस्थानी धाटणीच्या वास्तूंतून जाते, भिंतींवर पुराणकथांची चित्रे लागतात आणि त्या वेळी दुर्गा व विष्णू यांचे संवाद कानी पडतात. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी उभारण्याचा प्रयत्न झाला होता, तो असफल ठरला; तरीही काम पुरे झाले आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पहिल्या खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले.

हा उल्लेख केवळ अभिमानापोटी नव्हे. आपल्याकडील विद्यार्थ्यांची कामे पाहावीत तर त्यांत युरोपातील पडके किल्ले, बर्फाळ खिंडी आणि गंजलेल्या अवकाशनौका यांचीच गर्दी दिसते. तयार मिळणाऱ्या वस्तूंचे संच संगणकावर उतरवून घ्यावयाचे आणि मांडावयाचे, म्हणजे आठ दिवसांत देखणे चित्र उभे राहते. पण ज्या किल्ल्यात आपण कधी पाऊल टाकले नाही, तेथे चूल कोठे असते हे कसे कळणार? आणि चूल कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर ती विझल्याचे दुःख कोठे ठेवणार?

पाण्याखालचे आजोळ

विवेचनाच्या सोयीसाठी एक विद्यार्थिनी कल्पावी. तिच्या आईचे आजोळ भीमेच्या काठी होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि काठची गावे जलाशयात गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी फार आटले की आजही उघडे पडते व लोक ते पाहावयास जातात. अशाच एका गावातील घर, पाणी चढण्याच्या आदल्या दिवशीचे, हा विषय तिने गृहपाठासाठी घेतला.

प्रथम कागद. गावाचा उतार नदीकडे. वरच्या अंगाने येणारा रस्ता, मग गल्ली, मग घराचा सोपा, माजघर, परस आणि शेवटी घाट व देऊळ. देवळाचे शिखर रस्त्यावरूनच दिसेल असे ठेवले, म्हणजे वाट चुकण्याचा प्रश्न नाही. पाणी येणार आहे हे मात्र सांगावयाचे कसे? शासकीय सूचनाफलक लावता येत नाही, कारण अक्षरांना बंदी. यावर तिला जी युक्ती सुचली ती मारिओच्या नळांची सख्खी बहीण म्हणावी लागेल. जलाशयाची पूर्ण संचय पातळी दाखविणारी चुन्याची पांढरी रेघ तिने वाटेत ठिकठिकाणी काढली. रेघ सर्वत्र एकाच पातळीत. उतरत जातो तो खेळणारा. त्यामुळे रस्त्याकडेच्या कडुनिंबावर ती घोट्याशी दिसते, गल्लीतील भिंतीवर कमरेशी येते, घराच्या सोप्यात डोक्याच्या वर जाते. घाटावर पोचून मागे वळून पाहावे तर पलीकडच्या माळावर चुना फासलेल्या दगडांची ओळ देवळाच्या शिखरापेक्षाही उंच असते. किती पाणी येणार हे एकाही शब्दाविना कळावे, अशी ही योजना.

पुढचे काम संगणकावर, पण चित्रांचे नव्हे. अगदी साधे करडे ठोकळे मांडून स्थळ उभे करावयाचे. यास ग्रेबॉक्सिंग म्हणतात. ना रंग, ना लाकडाचा पोत, ना झाडाची पाने. या पायरीवर विद्यार्थ्यांचा हात फार शिवशिवतो. ठोकळ्यांचे घर कोणाला दाखविण्यासारखे नसते, म्हणून ते घाईने सजावटीकडे धावतात आणि मग भिंत दोन हात सरकविण्याची वेळ आली की त्या भिंतीवर केलेली आठ दिवसांची कारागिरी टाकवत नाही. ठोकळा मात्र निर्दयपणे हलविता येतो.

येथेच मापांचा घोटाळाही उघड होतो. अनरियल इंजिनमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटीमध्ये सामान्यतः एक मीटर. तेव्हा खरी मापे जशीच्या तशी घालावीत असे कोणासही वाटेल. तिने तसेच केले. जुन्या घरांची दारे ठेंगणी व अरुंद असतात. ७५ सेंटिमीटरचे दार प्रत्यक्षात पुरते. पडद्यावर ते फटीसारखे दिसू लागले आणि खेळणारा चौकटीला अडखळू लागला. डोळ्याच्या कडेने भिंतीचे जे भान आपल्याला असते, ते पडद्याच्या चौकटीत मिळत नाही. म्हणून दारे रुंद करावी लागतात, खोल्या किंचित वाढवाव्या लागतात. मग घर ऐसपैस वाटू नये यासाठी तुळया खाली घ्यावयाच्या आणि उजेड कमी करावयाचा. खऱ्या मापाचे घर खोटे वाटते व खोट्या मापाचे खरे, हा या विद्येतील पहिला धक्का होय.

अशा कामासाठी फार महाग साधने लागतात असा समज आहे, तो बरोबर नाही. ब्लेंडर आणि गोडो ही मुक्त व विनामूल्य साधने आहेत. अनरियल व युनिटीही शिकण्यासाठी पैसे न देता वापरता येतात. बऱ्यापैकी संगणक मात्र हवा.

‘भूकंप झाला असावा’

ठोकळ्यांना रूप आले. सोलापूर भागातील घरे धाब्याची, पांढऱ्या मातीच्या माळवदाची. गाव उठताना लोकांनी खांब, तुळया, दारे, चौकटी काढून नव्या गावठाणात नेल्या, कारण लाकूड हीच घरातील मोठी मत्ता. विद्यार्थिनीने हे सारे आईकडून ऐकले होते. तुळया काढल्या म्हणजे माळवद खाली येणार. म्हणून तिने माजघरात मातीचा ढीग घातला व वरून उन्हाचा झोत सोडला. फुटके मडके, कोनाड्यातला दिवा, एक चप्पल अशा वस्तू पेरल्या. दृश्य अतिशय प्रभावी झाले.

मग चाचणी. हीच या विषयातील खरी परीक्षा. गुणपत्रिका त्यामानाने गौण. ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाला खेळावयास बसवावयाचे आणि मागे उभे राहून गप्प बसावयाचे. तो कोठे थांबला, कोठून परतला, कशाकडे पाहिलेच नाही, एवढे वेळेसह टिपावयाचे. ‘ती रेघ दिसली का?’ असे विचारले की चाचणी नासली. गप्प बसणे फार अवघड जाते. आपण महिनाभर घासून ठेवलेल्या कोनाड्यावरून समोरचा माणूस तीन सेकंदांत पुढे जातो आणि एका निरर्थक रांजणापाशी घुटमळत राहतो, हे डोळ्यांदेखत पाहावे लागते.

पाच जण खेळले. पाचांपैकी चौघांचे उत्तर एकच आले : ‘येथे भूकंप झाला असावा.’

विद्यार्थिनी खचली, पण चूक खेळणाऱ्यांची नव्हती. धाब्याचे घर, कोसळलेले माळवद, मातीचा ढिगारा, सुटी चप्पल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची छायाचित्रे ज्याने पाहिली आहेत त्या मराठी माणसाच्या मनात दुसरे काय येणार? पाहणारा रिकाम्या मनाने पाहत नाही. तो आपल्या आठवणी घेऊनच लेव्हलमध्ये शिरतो. पांढरी रेघ तिघांच्या नजरेस पडली होती, पण ढिगाऱ्यापुढे ती फिकी ठरली. एका सशक्त दृश्याने दुसरे खरे दृश्य पुसून टाकले होते.

तेव्हा प्रश्न असा उरला की, कोसळलेले घर आणि उतरविलेले घर यांत फरक काय? याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यासाठी तिला आजीकडे जावे लागले. आजीने सांगितले ते असे. माळवदाची माती आधी फावड्याने खाली ओढतात, मग तुळया उतरवितात. माती घरात पडू देत नाहीत. भिंती उभ्याच राहतात, तुळयांच्या जागी खोबणी दिसतात. खांबाखालचे तळखडे जड म्हणून राहून जातात. जमिनीत बसविलेले उखळ नेता येत नाही. जाते मात्र नेतात. आणि निघण्यापूर्वी बायका घर झाडून काढतात. उद्या पाण्यात जाणारे घर कशाला झाडावयाचे, असे कोणी विचारीत नाही.

विद्यार्थिनीने माजघरातील ढीग काढून टाकला. माती अंगणात एका बाजूस ओढून, वर फावड्याच्या खुणा ठेवल्या. खोलीत तळखड्यांच्या दोन ओळी आणि वर भिंतीत खोबणींच्या दोन ओळी, मध्ये काहीच नाही. फुटके मडके, चप्पल गेली. जाते नेल्याची गोल पुसट खूण व शेजारी जागच्या जागी उखळ. भिंतीवर तसबिरींच्या जागी चुन्याचे उजळ चौकोन. सर्वत्र केरसुणीचे फराटे. दारात तुळया लादलेली बैलगाडी आणि त्यांवर कोळशाने ओढलेल्या खुणा. एकेक तुळई कोणत्या खोलीची हे ओळखण्यासाठी. वस्तू निम्म्याहून कमी झाल्या. दुसऱ्या चाचणीत भूकंपाचे नाव कोणी काढले नाही. ‘हे लोक सोडून चाललेत,’ असे एकाने खेळता खेळताच म्हटले. खेळणाऱ्यांपैकी तिघे सोप्यात थांबले, त्यांनी वर पाहून रेघ शोधली आणि मग पुन्हा खाली तळखड्यांकडे पाहिले.

येथे एक गोष्ट प्रसंगाने नमूद करावयास हवी. महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठीच्या धोरणास सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, आणि त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेचे कामही सुरू झाले. शिक्षणाच्या सोयी यामुळे वाढतील. मात्र शिकविणाऱ्यांनी संगणकातील आज्ञावलींवर जेवढे तास घालविले, तेवढे तास विद्यार्थ्यास गावठाणात, वाड्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसविण्यावरही घालवावेत. नाहीतर हात तयार होतील आणि सांगावयास काही नसेल.

तिसरी चाचणी गृहपाठाच्या अटीत नव्हती. विद्यार्थिनीने आजीला संगणकापुढे बसविले. म्हातारीला कळफलक चालवता येईना, म्हणून ती ‘चल’, ‘थांब’, ‘उजवीकडं’ असे सांगत गेली व नातीने बोटे चालविली. गल्ली उतरताना आजी काही बोलली नाही. घराशी येताच तिने नातीचा हात धरला. दारात हळदीकुंकू वाहिलेला उंबरा होता; साऱ्या लेव्हलमध्ये विद्यार्थिनीला तोच सर्वांत प्रिय होता आणि तपासणाऱ्या शिक्षकांनीही त्याची वाखाणणी केली होती.

‘चौकट नेली ना?’ आजीने विचारले. ‘मग उंबरा कसा राहील? तो चौकटीतच असतो. आम्ही तोही नेला. हळदीकुंकू वाहिलं ते खालच्या मातीला.’

त्या रात्री विद्यार्थिनीने उंबरा काढून टाकला. त्या जागी जमिनीत एक आडवी खाच उरली, बोटभर खोल, आणि तिच्या मधोमध मातीवर लाल-पिवळे दोन ठिपके.